अर्धा रोल आईचा, अर्धा लेकीचा

फिल्म धुण्यात माझा हात धरणारा अख्ख्या गल्लीत कोणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. तर अशा माणसाने एकाच रोलवर दोन स्पीड लावून ठेवले.

झालं असं, की सकाळी गच्चीतल्या लख्ख उन्हात चारशे स्पीडच्या ब्लॅक अँड व्हाइट रोलवर सासूबाईंचे फोटो काढले. वीस वर्षांनी त्या कॅमेऱ्यासमोर बसल्या, त्याही माझ्या विनवण्यांना कंटाळून. संध्याकाळी बायकोचं नाटक. पन्नाशीत पहिल्यांदाच रंगमंचावर, प्रयोग एकच, आणि उजेड म्हणाल तर नावापुरता. मी ऐटीत कॅमेऱ्याला फिल्म सोळाशेची, म्हणजे अंधुक उजेडातही चालणारी आहे असं खोटंच सांगितलं. रोल बदलायचा राहूनच गेला.

आता नाटक हवं तर फिल्म डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची, म्हणजे पुश करायची. तसं केलं की उन्हातले फोटो पार बिघडणार: फोटोचा दाणा जाड, कपाळ पांढरंफटक, सुरकुती न् सुरकुती कोरलेली. नेहमीइतकाच वेळ ठेवली तर नाटक काळोखात बुडणार. अंधारात मधोमध कापावी, तर सासूबाई कुठे संपल्या तेच आठवेना.

बायकोला विचारलं.

"आईचे वाचव," ती म्हणाली. "आणि तिला यातलं काही सांगू नकोस."

सासूबाईंना विचारलं.

"तिचे वाचवा. मला काय करायचेत फोटो? आणि तिला काही बोलू नका."

दोघींच्या मध्ये माझं भरीत झालं. शेवटी पुश केलं. सासूबाईंना नाही म्हणायची माझी छाती नाही.

नाटकाचे फोटो झकास आले. बायकोचा काळा कोट अंधारात गडप झाला. जिथे उजेड पडलाच नव्हता तिथे डेव्हलपर तरी काय आणणार? पण चेहरा मस्त उठला होता. सासूबाईंसाठी मात्र काळं-पांढरं सौम्य करणारा सगळ्यात सॉफ्ट पेपर घेतला, एन्लार्जरखाली कपाळाला जास्तीचा उजेड देऊन त्याचा पांढरेपणा मारला, दोन दिवस झटलो. सुरकुत्या काही हटल्या नाहीत.

घाबरत घाबरत दोन्ही प्रिंट टेबलावर ठेवले. बायकोने आईचा उचलला, तो खाली ठेवेचना.

"आई, तू इतकी थकलीस कधी?"

"तुझ्या डोळ्यांदेखत," सासूबाई म्हणाल्या, आणि लेकीचा फोटो खिडकीपाशी नेऊन बघत बसल्या. बायको खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसली. आपल्या फोटोकडे तिचं लक्षच नव्हतं, ती आईकडे बघत होती.