डब्यामागची पाटी

मी आयुष्यभर मोटरी भरल्या. म्हणजे पाण्याच्या पंपाची किंवा पिठाच्या गिरणीची मोटर जळाली की तिच्या पोटातली काळी पडलेली तार उपसायची आणि तिथं नवी तांब्याची तार वेटोळी करून बसवायची. तार चिमटीत धरली की तिची जाडी मला कळायची. ते बरंच होतं, कारण मोटरीच्या अंगावर ठोकलेली पाटी मला वाचता येत नव्हती. अक्षरं आली ती काम सोडल्यावर, केस पांढरे झाल्यावर.

आमचा वर्ग तिघांचा. मी, कोपऱ्यावरची इस्त्रीवाली आणि एक निवृत्त पहारेकरी, ज्यांना आम्ही मिशा म्हणतो, कारण ते आत येण्याआधी त्यांच्या मिशा आत येतात. शिकवायला बाई. वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण बाई त्या बाईच. जोडाक्षरं संपवून आम्ही नुकते सलग धडे वाचू लागलो होतो आणि बाईंची आई अंथरुणाला खिळली. बाईंना दूरगावी तिच्याजवळ जाऊन राहणं भाग होतं.

"वर्ग बंद नाही करायचा," त्या म्हणाल्या. "मी तिकडून कॉम्प्युटरवर दिसेन, तुम्ही तिघं एका घरी बसा. कॉम्प्युटर कोणाकडे आहे?"

इस्त्रीवालीनं आणि मिशांनी माझ्याकडे पाहिलं. लेक लग्न करून गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर आमच्याकडेच ठेवून गेली होती. तिनं पडद्यावरची भाषासुद्धा मराठी करून दिली होती. मी तो रोज समोरून पुसून त्यावर रुमाल घालत असे आणि अधूनमधून पत्त्यांचा खेळ खेळत असे, एवढाच आमचा परिचय.

मंगळवारी दुपारी बाईंचा फोन आला. "काकू, वर्गाचा नवा प्रोग्रॅम जुन्या मशिनवर चालत नाही. मला तीन गोष्टी सांगा. विंडोज कुठलं आहे, मेमरी किती आहे आणि सिस्टीम बत्तीस बिटची की चौसष्ट बिटची. विंडोज दहा, चार जीबी आणि चौसष्ट, एवढं असलं की झालं. संध्याकाळी मला साक्षरता वर्गांच्या ऑफिसला कळवायचंय की तुमचा वर्ग चालू ठेवायचा की नाही."

"आणि नसलं तर?"

"तर शनिवारचा तास शेवटचा, काकू. दुसऱ्या कुठल्या वर्गात जागा नाही हो."

मग त्यांनी वाट सांगितली. पडद्याच्या खालच्या पट्टीवर चार चौकोनांची खूण असते, तिच्यावर माउसची उजवी कळ दाबायची, जी यादी उघडेल तिच्यातलं 'सिस्टीम' दाबायचं, की मशीन स्वतःबद्दल सगळं सांगतं. मी "हो, हो" म्हणत फोन ठेवला.

आमचे हे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. पेपराआडूनच म्हणाले, "झाली का परीक्षेची तयारी?"

"माझी नाही, मशिनची परीक्षा आहे."

"मग नापासच. तो डबा किती वर्षांचा झाला? माझ्या खुर्चीला खिडकीशी जागा नाही, आणि त्या डब्याला आहे."

ह्यांचं बोलणं मी मनावर घेत नाही. इतकी वर्षं घरात येणारा प्रत्येक कागद ह्यांनी मला वाचून दाखवला. मी स्वतः वाचायला लागल्यापासून ह्यांचं एक खातं गेलं, आणि खातं गेलेला मंत्री थोडा कुरकुरणारच.

मशीन चालू करायचं म्हणून मी वायर लावायला टेबलामागे वाकले, आणि तिथं डब्याच्या पाठीवर मला पाटी दिसली. चिकटवलेला कागद, कोपरे पिवळे पडलेले, पण अक्षरं स्वच्छ. इंग्रजी मला जेमतेम लागतं, पण आकडे मात्र मी तारेच्या रिळांवर जन्मभर पाहिलेले. विंडोजची खूण आणि पुढं सात. मेमरीपुढं दोन. आणि एका ओळीत बत्तीस.

मला झालेला आनंद काय सांगू! ज्या पाट्यांपुढं मी जन्मभर मुकी उभी राहिले, तसली एक पाटी मी कुणाला हाक न मारता वाचली होती. मशीन चालू करायचं राहिलंच. मी तडक बाईंना फोन लावला आणि शाळेतल्या पोरीसारखं घडाघडा सांगितलं, "विंडोज सात, मेमरी दोन, बिट बत्तीस!"

बाईंनी विचारलं, "नक्की ना, काकू?"

"अहो, छापलेलं आहे!"

"मग नाही जमायचं," बाई हळूच म्हणाल्या. "तिन्हीत कमी पडतंय. मी ऑफिसला कळवते तसं."

फोन ठेवला तेव्हा कुठं मला उमजलं की मी काय वाचून दाखवलं होतं. इतक्या खणखणीत आवाजात आपलाच वर्ग बुडवणारी माझ्यासारखी मीच.

ह्यांनी पेपर खाली घेतला. माझा चेहरा पाहून टोमणा मारायचा होता तो त्यांनी गिळला असावा. म्हणाले, "असू दे. मी शिकवेन तुला पुढचं."

"तुम्ही? तुम्ही मला एक शब्द सांगता आणि पुढचे दहा स्वतःच वाचून टाकता."

"मग काय करणार?"

काय करणार! इस्त्रीवाली दारात येऊन उभी होती, हातात कुणाच्या तरी चादरींची चळत. तिला मी सांगितलं. तिनं चादरी खुर्चीवर ठेवल्या आणि त्यांच्या शेजारी बसली. तिची नात दूर राहते आणि फोनवर मोठमोठे निरोप लिहून पाठवते. ते निरोप इस्त्रीवाली आजवर गिऱ्हाइकांकडून वाचून घ्यायची. आता कुठं ती निम्मा निरोप स्वतः वाचते.

"निम्म्यावरच राहणार म्हणायचं मग," ती म्हणाली. "नात आधी खुशाली लिहिते आणि कामाचं शेवटी."

हे उठले. "डबा माळ्यावर टाकतो. डोळ्यांसमोर नको." ते वायरी सोडवायला लागले. मी म्हटलं, थांबा, निदान धूळ तरी पुसून ठेवू. जुन्या सवयीनं मी डबा आडवा केला आणि फडकं फिरवलं. कडेच्या पत्र्यापाशी माझं बोट अडखळलं.

पत्र्याला चार स्क्रू. तीन काळे, चौथा पांढरा चकचकीत. काळ्यांपैकी एकाचं डोकं खरवडलेलं.

"अहो, हे कुणीतरी उघडलंय."

"उघडलं असेल. त्याला काय झालं?"

काय झालं ते ह्यांना कसं सांगावं! दुकानात माझ्यापुढं मोटर आली की मी पहिल्यांदा तिचे स्क्रू पाहायची. स्क्रूचं डोकं खरवडलेलं म्हणजे आधी कुणाचा तरी हात आत गेलेला. आणि हात आत गेला की अंगावरच्या पाटीला अर्थ उरत नाही. आतली तार बदलते, पाटी तीच राहते. पाटी वाचता येणारे कारागीर पाटीवर विसंबायचे आणि कधीकधी मोटर पुन्हा जाळायचे. मला वाचता येत नव्हतं म्हणून मी तार मोजायची. जन्मभर पाटीला विचारलं नाही, आणि चार अक्षरं येताच पहिलं काम काय केलं, तर पाटीला विचारलं!

मला हसूच फुटलं. ह्यांना वाटलं रडते आहे, ते पाणी आणायला निघाले.

"पाणी नको, वायरी लावा. जिथल्या तिथं."

"आता काय?"

"ही पाटी त्याच्या बारशाची आहे. आज तो केवढा झाला ते त्यालाच विचारते."

लेकीला फोन लावून पाहिला, पण कामावर असली की तिचा फोन कपाटात असतो. तिची गरज नव्हतीच. मशीन घरघरलं, पडदा उजळला. मी चार चौकोनांच्या खुणेवर बाण नेला आणि उजवी कळ दाबली. यादी उघडली. इस्त्रीवाली माझ्या खांद्यावरून वाकली आणि आम्ही दोघी वरून खाली एकेक ओळ वाचत गेलो. हे मागून म्हणाले, "ते बघ ना, तिथं..."

"सांगायचं नाही," इस्त्रीवाली म्हणाली. "भाऊजी, तुम्ही पेपर वाचा."

'सिस्टीम' सापडलं. दाबलं. एक पांढरं पान उघडलं, डावीकडे शब्द आणि उजवीकडे उत्तरं. पहिलं मशिनचं नाव, ते लेकीनं स्वतःचंच दिलेलं. मग 'प्रोसेसर', ज्याच्या पहिल्याच जोडाक्षराला इस्त्रीवालीला धाप लागली. त्याच्या खाली मेमरी. आठ जीबी.

"आठ?" हे पुढं आले. "आठ कुठून आली?"

"लेकीनं भरली असणार. आईचीच आहे ना ती."

आठाच्या पुढं कंसात लिहिलं होतं की वापरायला मिळणारी सातच्या वर थोडी. हे म्हणाले, "बाकीची कुणी खाल्ली?"

"तूट धरावीच लागते," इस्त्रीवाली म्हणाली. "धुतल्यावर कापड आटतं, तसं."

थोडं खाली चौसष्ट बिट. आणखी खाली सरकवलं, तिथं विंडोज, आणि त्याच्या पुढं दहा. मी प्रत्येक ओळ दोनदा वाचली. मग इस्त्रीवालीला वाचायला लावली. मग ह्यांना म्हटलं, आता तुम्ही वाचा, मोठ्यानं. ह्यांनी वाचली, अगदी बातम्या वाचल्यासारखी, आणि तिघांचं उत्तर एकच आलं.

बाईंनी फोन उचलला तो घाईतच. "काकू, मी आत्ता ऑफिसलाच लावत होते."

"लावा, पण उत्तर बदला. विंडोज दहा, मेमरी आठ, बिट चौसष्ट."

"अहो, मघाशी तर छापलेलं आहे म्हणालात!"

"छापलेलं डब्यावर होतं. हे डब्याच्या तोंडून आहे. तुम्ही सांगितलेल्या वाटेनं गेले, बाई. मघाशी वाटेवर पाऊलच टाकलं नव्हतं."

बाई खूप वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "मिशांना निरोप द्या. पुढच्या मंगळवारी, ह्याच वेळेला."

इस्त्रीवालीनं चादरींची चळत उचलली आणि निघाली. दारातून वळून म्हणाली, "मंगळवारी बाईंना माझी साडी दिसेल का गं? की नुसतं तोंड?"

"दोन्ही दिसेल."

"मग इस्त्री करावी लागेल," ती म्हणाली आणि गेली.

आमच्या दुकानात एक रीत होती. मोटर नव्यानं भरली की जुन्या पाटीला हात लावायचा नाही, पण शेजारी आपली चिठ्ठी बांधायची. आत काय भरलंय आणि कुणी, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत होत नाही. मी भरलेल्या मोटरींच्या चिठ्ठ्या दुकानाचे उस्ताद लिहायचे.

मी वहीचं पान फाडलं, मेमरी, बिट आणि विंडोज मराठीत लिहिलं, खाली लिहिलं, 'भरणारी लेक, तपासणारी आई', आणि चिठ्ठी पिवळ्या पाटीच्या शेजारी चिकटवली. हे चष्मा लावून डब्यामागे वाकले. बराच वेळ वाचत राहिले, एवढ्या मजकुराला लागू नये इतका वेळ.

मग उठून त्यांनी आरामखुर्ची खिडकीपासून आणखी थोडी अलीकडे ओढली. टेबलाभोवती तीन खुर्च्या मावायला तेवढी जागा हवीच होती.