आतल्या बाजूची कडी

मी दाराची कडी बोलतेय. हसताय काय? घरातली भांडणं सगळ्यांत आधी मलाच कळतात!

शहाऐंशी साली उत्तराबाईंनी मला ठाण्याच्या बाजारातून आणलं आणि डोंबिवलीच्या एका चाळीतल्या खोलीला आतून बसवलं. मानसशास्त्रात एम.ए. आणि ठाण्यातल्या एका इस्पितळातली उमेदवारी, एवढ्या शिदोरीवर बाई मनाची दुखणी बरी करायला बसल्या. चाळ म्हणाली, "वेड्यांची डॉक्टरीण आली!" सुरुवातीला यायचे ते दहावीला नापास झालेल्या पोरांचे आईबाप.

चाळीत दिवसाढवळ्या दार लावायची पद्धत नाही. पण इथलं बोलणं शेजारपाजारी जाऊ नये म्हणून माणूस बसलं की बाई मला लावायच्या. मला कोण अभिमान वाटायचा!

एकदा सहदेव बायकोला, कलावतीला, घेऊन आला. "मॅडम, ही झोपत नाही, पोरीकडं बघत नाही. दिवाळीपर्यंत बघतो, नायतर पोरीला ठेवून हिला माहेरी पोचवतो."

बाईंनी त्याला बाहेर पाठवलं, "आता निर्धास्त बोला," म्हणाल्या आणि मला लावलं. कलावती ताडकन उठली. भिंतीला चिकटली, घामानं निथळली. बाईंनी घाईघाईनं मला काढलं, तशी ती धावत उंबऱ्याबाहेर जाऊन बसली.

तेव्हा कुठे सहदेव बोलला. ती खोके बनवायची त्या कारखान्यात आग लागली होती. बायका काम सोडून उठू नयेत म्हणून मुकादम बाहेरून कडी घालायचा. कलावती वाचली, तिच्या जोडीची जनाबाई गेली.

"अहो, हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही विचारलंत कुठं, मॅडम?"

बाई उंबऱ्यापाशी खाली बसल्या. "चुकलं माझं, कलावती. कडी तुमच्या ताब्यात. मी हातसुद्धा लावणार नाही." मग सहदेवला म्हणाल्या, "तुम्ही जिन्यावर बसा. कुणाला वर फिरकू देऊ नका."

"मी काय वॉचमन?" तो कुरकुरला, पण बसला. दर आठवड्याला बसायला लागला.

कलावती आधी उंबऱ्यात बसायची, मग दाराआत. बाईंनी घाई केली नाही. गणपती होऊन गेल्यावर एके दिवशी ती आपणहून उठली. तिचा थंडगार हात माझ्यावर आला. लावलं, काढलं. पुन्हा लावलं. आणि जनाबाईचं नाव घेऊन अशी रडली म्हणता! सहदेव धावत वर आला, बंद दार बघून थबकला आणि गुपचूप परत जिन्यावर जाऊन बसला. दिवाळीत माहेरचा विषय निघालाच नाही.

पुढे बाईंनी हेच काम धरलं. अपघातातून वाचलेले, दंगलीत होरपळलेले लांबलांबून यायला लागले. प्रत्येकाला त्या आधी विचारायच्या, "दार लावायचं का? तुम्ही सांगाल तसं."

पंचाण्णवला बाई ठाण्यात, खोपटच्या मोठ्या जागेत गेल्या. मी भंगारात जायची, पण कलावती आली. "बाई, ही मला द्या."

आता मी टिटवाळ्याला, तिच्या नव्या घराच्या दाराला आहे. रोज दिवेलागणीला ती मला लावते, लगेच काढून बघते, मग परत लावते. पोरगी हसते. हसू दे. माझं मागणं एवढंच, पावसाळ्याआधी मला तेल घालत जा रे, सहदेवा. तिच्या हाताखाली मी कधी अडायला नको.