मेबलचे पिवळे ठोकळे

ज्या घराला चाकं असतात, त्या घरासाठी खेळणं निवडणं हे स्थळ बघण्यासारखं असतं. रंगरूप नंतर. आधी स्वभाव बघायचा: रात्रीबेरात्री आवाज करतं का, पसरतं का, वळणावर स्वतःला सांभाळतं का. माझी बायको शॅनन दुकानात खेळणं उचलते, कानाशी नेऊन हलवते, उलटं धरते आणि मग फरशीवर टाकून ते किती लांब घरंगळतं ते बघते. विक्रेते लांबून पाहतात. तिचा चेहरा बघून कोणी जवळ येत नाही.

हा कडकपणा अनुभवातून आला आहे. आम्ही इंडियानातलं घर विकून ट्रकमागे ओढायच्या ट्रेलरमध्ये राहायला लागलो तेव्हा आमच्याकडे गोट्या होत्या. एका घाटात मी ब्रेक दाबला आणि सगळ्या गोट्या न्हाणीघरात जमल्या. नंतर एक बोलका पोपट होता. बंद कपाटातून तो प्रत्येक खड्ड्याला ‘चला, खेळू या’ म्हणायचा, आणि इलिनॉयचे रस्ते असे की आम्ही राज्याची हद्द ओलांडेपर्यंत तो थांबला नाही. शेवटी प्राण्यांचे लाकडी तुकडे जुळवायचं कोडं. आमच्या घराची एक भिंत मुक्कामाला पोचल्यावर बटण दाबलं की बाहेर सरकते आणि बैठकीची खोली जरा माणसात येते. निघताना ती आत घ्यायची. मिसूरीत ती आत येईना. मेकॅनिकने अर्धा दिवस खटपट करून रुळातून कोड्यातली गाय काढली आणि ती माझ्या हातात अशी दिली, जणू डॉक्टरने पोटातला खडा दाखवावा.

तेव्हापासून शॅननचा कायदा आहे. आमच्या मुलीची, मेबलची, सगळी खेळणी एका उशीच्या अभ्र्यात मावली पाहिजेत. नवं आत आलं तर जुनं बाहेर, म्हणजे मुक्कामाच्या धुलाईखोलीतल्या टेबलावर. असं टेबल ट्रेलरवाल्यांच्या प्रत्येक तळावर असतं. लोक नको ते तिथे ठेवतात आणि दुसऱ्याला नको असलेलं उचलून नेतात. त्यामुळे सगळ्यांना आपण सामान कमी केल्यासारखं वाटतं.

या चाळणीतून तीन खेळणी टिकली: एक चिंध्यांचा ससा, पत्त्यांचा जोड आणि मळायची हिरवी माती. मेबल तिघांशी सभ्यपणे वागायची. जीव मात्र तिचा ठोकळ्यांवर.

हे ठोकळे खेळणं नव्हेत. जमीन उतरती असली की ट्रेलर सरळ उभा राहावा म्हणून खालच्या बाजूच्या चाकांखाली घालायची ती वस्तू आहे. पिवळी, प्लास्टिकची, वीतभर रुंद. एकावर एक घट्ट बसते. आमच्याकडे दहा आहेत. जमीन सपाट असली की दहाच्या दहा मोकळे राहतात आणि मेबल त्यांचा किल्ला करते. जमीन जितकी उतरती तितका किल्ला ठेंगणा. त्यामुळे या देशाचा भूगोल तिने तिच्या पद्धतीने शिकून घेतला आहे. लोक जिथे गाड्या थांबवून फोटो काढतात, तिथे ती मागच्या सीटवर तोंड पाडून बसते. मैलोन् मैल गव्हाखेरीज काही दिसत नाही, तिथे खिडकीला नाक लावून म्हणते, “बाबा, किती छान.”

कॅन्ससमध्ये असताना तिने मला विचारलं, “माझ्या वाढदिवसाला सगळे ठोकळे माझे?”

“सगळे तुझे,” मी म्हणालो. कॅन्ससमध्ये माणूस काहीही कबूल करतो. तिथे ठोकळे लागतच नाहीत.

“नक्की?”

“नक्की.”

तिने माझा अंगठा धरून हलवला. आमच्यात हे पक्कं मानतात.

मला हे माहीत नव्हतं की शॅननने वाढदिवसासाठी कोलोरॅडोतला एक तळ हिवाळ्यातच राखून ठेवला होता. समोर बर्फाचे डोंगर, बाजूला ओढा. फोटोत सगळं दिसत होतं, उतार सोडून.

“काय नजारा आहे,” शॅनन पोचल्यावर म्हणाली.

आरशात पाहिलं तर मेबल डोंगरांकडे अशी बघत होती, जसं आपण भाडं वाढवायला आलेल्या मालकाकडे बघतो.

मग ट्रेलर मागे घेण्याचा कार्यक्रम झाला. आमच्यात हा सार्वजनिक असतो. नवीन कुणी आलं की शेजारी घडीच्या खुर्च्या घेऊन बाहेर येतात. बघायचं सगळ्यांनी, बोलायचं कुणी नाही. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या ट्रेलरबद्दल अवाक्षर काढणं हे त्याच्या बायकोच्या वजनाबद्दल बोलण्याइतकं वाईट समजतात. समोरच्या जागेवर ड्वेन नावाचे निवृत्त गृहस्थ होते. ते ओहायोचे. कॉफीचा मग घेऊन पहिल्या रांगेत बसले.

“डावीकडे,” शॅनन मागून हात हलवत म्हणाली.

“माझ्या डावीकडे की तुझ्या?”

“तुला डाव्या बाजू किती आहेत, रसेल?”

तिसऱ्या प्रयत्नात ट्रेलर जागेवर बसला. चाकं घरंगळू नयेत म्हणून मी त्यांना उटी लावली आणि मग वीजजोडणीची तार पुरते की नाही यावर आमचं थोडं बोलणं झालं. ते चालू असताना मेबल ट्रकमधून उतरून ट्रेलरच्या पुढच्या तोंडाशी गेली होती. तिथे पाणसळ चिकटवलेली आहे. नळीतला बुडबुडा मधल्या दोन रेघांमध्ये आला की घर सरळ. आला नाही तर ठोकळे.

शॅनन बुडबुडा बघायला गेली आणि जागेवर उभीच राहिली.

“रसेल, मध्यभागी आहे.”

“काय?”

“अगदी मध्यभागी. एकही ठोकळा नको. मी म्हणाले नव्हते, मी जागा निवडते तेव्हा विचार करून निवडते?”

मी आजूबाजूला पाहिलं. आमच्या जागेवरचं बाकसुद्धा एका पायाखाली दगड घेऊन उभं होतं. मी पाणसळीपाशी गेलो. बुडबुडा खरोखरच मध्ये होता. नळीच्या एका टोकाखाली हिरव्या मातीची छानशी गोळी होती, बोटाने नीट दाबून बसवलेली. शेजारी मेबल उभी होती. तिच्या अंगठ्यालाही थोडं हिरवं होतं. त्याच हाताने तिने कॅन्ससमध्ये माझा अंगठा धरला होता.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “सपाट आहे ना?”

मी उपकरणांच्या माहितीपुस्तिका लिहून पोट भरतो. आमच्या ट्रेलरच्या फ्रिजबरोबर येते तसली एक मीही लिहिली आहे. घर तिरकं असेल तर हा गॅसवरचा फ्रिज गार करणं सोडून देतो, हे मी ठळक अक्षरात छापलेलं आहे. फ्रिजमध्ये मेबलचा आइस्क्रीमचा केक होता.

“सपाट आहे,” मी म्हणालो.

समोर ड्वेननी कॉफीचा घोट घेतला आणि डोंगरांकडे पाहिलं.

सकाळी वाढदिवस. मेबल नाश्ता न करता बाहेर पळाली आणि पाइनच्या झाडाखाली दहा ठोकळ्यांचा किल्ला उभा राहायला लागला. घरात मी अंड्याचं धिरडं करत होतो. ते तव्याच्या एकाच बाजूला होत होतं.

“तुझा हात वाकडा आहे,” शॅनन म्हणाली.

न्हाणीघराचं दार आपोआप उघडलं. तिने ते बंद केलं. ते पुन्हा उघडलं.

“हवा कोरडी आहे,” ती म्हणाली. “लाकूड आकसतं.”

इतक्यात माझ्या सासूबाई आल्या. व्हर्ना नेब्रास्काच्या शेतावरच्या. आमचं घर विकण्याचा निर्णय त्यांना पसंत नव्हता, आणि हे त्या कधी बोलून दाखवत नाहीत. दर वेळी एक मोठी वस्तू घेऊन येतात. या वेळी मांसाच्या पुडक्याबरोबर बाहुलीची गाडी होती. चार चाकं, वर लेसचं छत, दांडा नक्षीचा.

“आई,” शॅनन म्हणाली, “अभ्र्यात मावेल असं काहीतरी आण म्हणाले होते.”

“अभ्रा मुलीला नको असतो. मुलीला गाडी हवी असते.” व्हर्नांनी गाडी ट्रेलरच्या मधोमध ठेवली आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “कसा आहेस, रसेल?”

“मजेत, व्हर्ना. तुमचा प्रवास कसा झाला?”

त्या उत्तर द्यायला लागल्या आणि गाडी निघाली. फार घाईत नव्हती. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी जरा वळली, दाराशी पोचली, पायऱ्यांवरून खडखडत खाली उतरली आणि ओढ्याच्या दिशेने चालू लागली. ड्वेन उठले, पायाने ती अडवली आणि परत येऊन बसले.

“हे घर वाकडं आहे,” व्हर्ना म्हणाल्या.

“आई, बुडबुडा मध्यभागी आहे.”

“असेल. गाडीला ते माहीत नव्हतं.”

शॅननने माझ्याकडे पाहिलं. मी तव्याकडे पाहिलं. ती उठली, फ्रिज उघडला, केकला बोट लावलं. बोट आत गेलं. मग ती बाहेर गेली, ट्रेलरच्या तोंडापर्यंत. परत आली तेव्हा तिच्या तळहातावर हिरव्या मातीची गोळी होती.

“तुला माहीत होतं.”

“मी कॅन्ससमध्ये शब्द दिला होता,” मी म्हणालो. “सगळे ठोकळे.”

“आणि केक? आईने आणलेलं मांस? दूध?”

“त्याबद्दल शब्द दिला नव्हता.”

ती ठोकळे आणायला निघाली. मी मागोमाग गेलो, कारण अशा वेळी घरात थांबलेलं वाईट दिसतं. झाडाखाली किल्ला पुरा झाला होता. पुलासकट. बुरुजावर ससा पहारा देत होता. मेबलने आधी आईचा चेहरा पाहिला, मग तिच्या हातातली माती. पळाली नाही. किल्ल्यासमोर जाऊन उभी राहिली.

“आई, केक आत्ता खाल्ला तर?”

“सकाळी?”

“पाघळायच्या आधी. सगळा. मग फ्रिज नको ना.”

“आणि मांस?”

मेबलने मांसाचा विचार केलेला नव्हता. तिचा खालचा ओठ बाहेर यायला लागला. किल्ल्याच्या तळाशी कोणता ठोकळा आधी हलेल याचा अंदाज घेतल्यासारखी ती खाली बघत राहिली.

शॅनन बराच वेळ डोंगर बघत होती. एवढ्या लांब त्यांच्यासाठीच आली होती. मग वळून तिने अख्ख्या तळाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “ड्वेन, तुम्हाला काय वाटतं?”

ड्वेन जणू काल दुपारपासून याच प्रश्नाची वाट बघत होते. खुर्चीतून उठत म्हणाले, “वाकडाच आहे. काल तुम्ही ‘मध्यभागी’ म्हणालात तेव्हा माझी बायको आत जाऊन हसून आली. मांस आमच्या फ्रिजमध्ये ठेवा. सरळ आहे तो.”

“केक खाणार?”

“नाश्ता व्हायचाय माझा,” ते म्हणाले, आणि चमचा आणायला गेले.

तर मेबलचा सहावा वाढदिवस न्याहारीच्या वेळी साजरा झाला. आजूबाजूच्या खुर्च्या आल्या. केक ताटात नव्हे, वाट्यांत वाढावा लागला. व्हर्नांनी दोनदा घेतला आणि म्हणाल्या की घर सरळ असतं तर हा दुपारपर्यंत दगड राहिला असता. त्यांच्या तोंडून आमच्या घराबद्दल निघालेला हा पहिला बरा शब्द.

रात्री आम्ही तिरकेच झोपलो. वरच्या बाजूला मी, मध्ये शॅनन, खालच्या भिंतीला मेबल. पहाटेपर्यंत तिघंही मेबलच्या जागी होतो.

दुसऱ्या दिवशी मेबलने स्वतः किल्ला मोडला. ठोकळे तिने बाहुलीच्या गाडीतून आणले, लेसच्या छताखाली चार-चार, आणि एकेक करून मला दिले. ट्रेलर सरळ झाला. शॅननने बुडबुडा बघितला, आणि शिवाय टेबलावर एक अंडं ठेवून बघितलं. अंडं हललं नाही. आता आम्ही सगळीकडे अंडं ठेवतो.

गाडीचं काय करायचं, हा प्रश्न होता. अभ्र्यात ती मावणार नव्हती. व्हर्ना दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या.

“हे खेळणं नाही,” शॅनन शेवटी म्हणाली. “ठोकळे वाहायचं सामान आहे. सायकलींच्या मागे बांध, रसेल.”

गाठ मी नीट मारतो आहे ना ते बघायला व्हर्ना जवळ आल्या.

निघायच्या आधी शॅनन फोनवर पुढच्या वर्षाची जागा राखून ठेवत होती. ड्वेन निरोप द्यायला आले आणि त्यांनी मेबलला विचारलं, “पुढच्या वाढदिवसाला कुठे?”

“कॅन्सस.”

“कॅन्ससमध्ये काय आहे बघायला?”

“काही नाही,” मेबल म्हणाली. तिचा चेहरा नुसता उजळला होता.