अठरावं नाव

संगप्पानं पाण्याच्या बंदुकीचा खटका दाबला आणि भिंतीवरची काजळी पट्ट्यापट्ट्यांनी निघत गेली. आतून फिकट पिवळा रंग वर आला. पाण्याचा धूर उठला, त्यात ऊन सापडलं आणि त्याच्या गुडघ्याशी हातभर इंद्रधनुष्य उभं राहिलं. तो सरकला की तेही सरकायचं. मशीनच्या घरघरीत सगळं गाव लांब गेलं होतं. लोकांचे ओठ हलताना दिसत, शब्द येत नसत. वर्षभरात त्याला एवढंच बरं वाटत होतं.

उदगिरात तेव्हा नळाला वीस दिवसांनी पाणी येत होतं. अशा उन्हाळ्यात नगरपालिकेची व्हॉल्वमनची नोकरी, तीही सहा वर्षं शिल्लक असताना, सोडून भिंती धुवायचं मशीन आणणारा माणूस येडाच, असं गल्लीचं मत पडलं होतं. संगप्पानं कुणाला समजावलं नाही. बायको महानंदा वारल्यापासून तो चावी घेऊन व्हॉल्ववर वाकायचा, फिरवायचा, आणि पाइपातून नुसती हवा निघायची. ती हवा त्याला घरी जेवतानाही ऐकू यायला लागली. मग एका सोमवारी राजीनामा देऊन तो नांदेडला गेला आणि मशीन घेऊन आला. पाणी मुखेड रोडवरच्या एका बोअरचं टाकीत भरून आणायचा. इतकं खारं, की जनावरंही तोंड लावत नव्हती.

गुरुपादप्पांची ही दुमजली इमारत त्याचं पहिलं मोठं काम. उदगीर जिल्हा होणार अशी बोलवा होती. झाला की एखादं सरकारी ऑफिस भाड्यानं येईल, म्हणून अप्पांना दर्शनी भिंत लख्ख पाहिजे होती. दुपारी कोणी साहेब बघायलाही येणार होते. काम पसंत पडलं तर अप्पांच्या चारी इमारती वर्षभर त्याच्याकडे. नाही पडलं, तर या बाजारात दुसरं कोणी त्याला भिंतीला हात लावू देणार नव्हतं.

समोरच्या बोळातली पारूबाई बादली घेऊन आली. त्यानं मशीन बारीक केलं.

"आमाला प्यायला न्हाई, अन् हे भिंतीला आंघोळ घालून ऱ्हायलेत."

"खारं हाय, पारूबाई. चाखून बघा."

"बघितलं. सकाळीच." तिनं बादली भिंतीच्या कडेला, वाहत्या पाण्याखाली सरकवली. "संडासाला तर चालंल. तुमी धुवा."

दुकानाच्या दारातून गुरुपादप्पा ओरडले, "संगप्पा, तो क्लासचा बोर्ड बी काढ. मास्तर गेला लातूरला, बोर्ड ठिवून गेला मला."

संगप्पानं मशीन बंद केलं. पत्र्याच्या बोर्डाचे खिळे गंजले होते. पक्कडीनं ओढून त्यानं तो उतरवला. मागची भिंत कोरडी आणि स्वच्छ होती, जणू कोणी झाकून जपून ठेवलेली. तिच्यावर कोळशानं नावं लिहिली होती. एकाखाली एक, आकडे टाकून. एक लक्ष्मीबाई. दोन सिंधु. तीन गुरम्मा. तो वाचत खाली आला. नऊ पारूबाई. अठरा महानंदा.

'ह'ची शेपटी पुढच्या अक्षराखाली लांब ओढलेली होती. किराण्याच्या चिठ्ठीवर हरभरा आणि हळद अशीच यायची. त्यानं पुन्हा वरून पाहिलं. सगळीच नावं त्या हातची होती.

"हे काय हाय?"

"नंबर हायत की," पारूबाई म्हणाली. "तीन साल झाले. हितं हापसा चालू होता तवा. रोज भांडणं, रोज घागरी फुटायच्या. मग वैनीनं यादी केली. लिवता तिलाच यायचं."

"आमच्या घरी तर नळ हाय."

पारूबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं.

"तुमचं घर चढाला, संगप्पाभाऊ. तितं पाणी कदी चढलं?"

पाण्याच्या टाकीवरून तो सगळ्यात आधी आपल्या गल्लीचा व्हॉल्व सोडायचा. मग घरी फोन लावायचा. प्रेशर हाय का? ती म्हणायची, लई हाय, भरून वाहून ऱ्हायलं, बंद करा. तो बंद करायचा आणि दिवसभर सायकलवरून निवांत फिरायचा. संध्याकाळी रांजण काठोकाठ. तांब्याभर पिऊन तो म्हणायचा, आपल्या लाइनचं पाणीच गोड. ती हसायची.

"मला बोलली न्हाई कदी."

"म्हणायची, यांना कळलं तर आमच्याच गल्लीला जास्ती सोडतील, मग लोक यांना बोलतील. अन् पाणीवाल्याची बायको म्हून आपलं नाव खाली." पारूबाईनं पदरानं मान पुसली. "अठरापतुर हापसा टिकला तर टिकला. न्हाई तर माझ्यातली एक घागर न्यायची. दुसऱ्या दिशी आणून द्यायची. माझी द्यायची ऱ्हायली न्हाई एक बी."

बादली भरून वाहत होती. तिनं ती उचलली नाही. संगप्पानं एक बोट त्या शेपटीजवळ नेलं. टेकवलं नाही. कोळसा बोटाला लागला असता.

गुरुपादप्पा चपला ओढत आले.

"का थांबलास? साहेब निघाले म्हणं उमरग्याहून. पाणी किती हाय टाकीत?"

"अर्धं."

"मग मार की. तेवढंच दिसून ऱ्हायलं बघ समद्या भिंतीत."

संगप्पानं मशीन चालू केलं. बंदुकीचं तोंड फिरवून धार पसरट केली, इतकी की हातावर घेतली तर लागू नये. मग तो भिंतीशी एक गुडघा टेकून बसला, यादीच्या पायथ्याशी.

अप्पा त्याच्या कानाशी वाकले. "अरे, खालून कुटं धुतात का? वरून घे. वरची घाण समदी परत खालीच येती."

"येती."

"मग तितं दुबार पाणी लागंल. खुळा हाईस का? नवंच शिकून आलास व्हय काम?"

अप्पांनी पारूबाईकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"लागू द्या, अप्पा," संगप्पा म्हणाला, आणि त्यानं सगळ्यात आधी अठराव्या नावावर पाणी सोडलं.