हजाराच्या अलीकडे

रक्त द्यायचं तर ताईंनाच, असा त्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या निम्म्या पेशंटांचा हट्ट असे. शिरा खोल दडलेले जाडजूड लोक, औषधांनी शिरा आटून गेलेल्या बायका, सुई नुसती बघून डोळे पांढरे करणारे धट्टेकट्टे पुरुष, सगळे त्यांच्याच खुर्चीसमोर रांग लावत. ताई दंडाला पट्टा आवळायच्या, कोपराच्या खळगीत एक बोट फिरवायच्या आणि विचारायच्या, "घरी कोण कोण असतं?" पेशंट सासूपर्यंत पोचेपर्यंत नळी भरलेली असायची.

ताईंच्या स्वतःच्या घरी त्या आणि त्यांची धाकटी बहीण. ताई लग्नाच्या भानगडीत पडल्याच नव्हत्या. धाकटी पडली होती, वर्षभरात बाहेर आली होती आणि पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन मांडून लोकांचे कपडे घट्ट-सैल करून देत होती. दोघींचं उत्तम चाललं होतं. भांडण व्हायचं ते फक्त पंख्यावरून.

बुद्धिबळाचं खूळ लॅबमध्ये लागलं. उपाशीपोटी येणाऱ्यांची सकाळची गर्दी ओसरली की मागच्या खोलीत, नमुन्यांच्या फ्रिजशेजारी, चहा व्हायचा. तिथे मायक्रोस्कोपवर बसणारा सहकारी एका हातात पाव धरून दुसऱ्या हाताने फोनवर टिचक्या मारत असायचा. सगळे त्याला भिंग म्हणत. तोही त्या नावाला ओ देत असे. ताईंनी एकदा विचारलं, "एवढं काय चिवडताय?"

"ब्लिट्झ," भिंग म्हणाला. "बुद्धिबळच, पण दोघांना तीन-तीन मिनिटं. घड्याळ संपलं की राजा जिवंत असला तरी तुम्ही मेलात."

ताईंना लहानपणी सोंगट्या कशा चालतात तेवढं शिकवलं होतं कुणीतरी. त्यांनी फोनवर एक डाव खेळून पाहिला, हरल्या, आणि लगेच दुसरा लावला. विचार करायला वेळच नव्हता. हात पुढे जायचा आणि डोकं मागून धावत यायचं. "हे तर माझ्याच कामासारखं आहे," त्या म्हणाल्या. शीर शोधताना तरी कुठे विचार करतो आपण?

तिथे प्रत्येक खेळाडूला एक आकडा मिळतो. जिंकलं की वाढतो, हरलं की उतरतो. ताईंनी हजार गाठायचं ठरवलं.

"हजार म्हणजे काही मोठा तीर मारला असं नाही," भिंगने बजावलं. "पण हजाराच्या अलीकडे माणूस सोंगट्या ढकलतो. पलीकडे गेला की खेळतो."

पहिल्या वर्षी आकडा चढत गेला आणि हजार हाताशी आलं. मग घोडं अडलं. नुसतं अडलं नाही, मागे सरकायला लागलं. ताईंनी कंबर कसली. शिवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लाकडी पट मांडून त्या शेवटच्या टप्प्याचे डाव अभ्यासायला लागल्या: एक हत्ती आणि एक प्यादं उरलं तर काय करायचं, उंट आपल्याच प्याद्यांत कधी अडकतो, राजाने कधी बाहेर पडायचं. सकाळी बसस्टॉपवर कोडी सोडवायच्या. आधी पुढचं पाठ मागचं सपाट होत होतं, पण हळूहळू दिसायला लागलं. पूर्वी जिथे नुसती गर्दी दिसायची तिथे वाटा दिसायला लागल्या.

"या वयात परीक्षा कसली देतेस?" धाकटी दोरा तोडत म्हणायची.

"पास होईन तेव्हा सांगते."

पण आकडा उतरतच राहिला. ताईंनी आधी इंटरनेटला दोष दिला, मग फोनच्या काचेला. नवा फोन घेतला. धाकटी म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." नव्या अंगणातही तेच झालं.

शेवटी भिंगने एका दुपारी त्यांचे हरलेले डाव मागून घेतले आणि चहा गार होईपर्यंत बघत बसला.

"ताई, इथे तुम्ही हत्तीचा बळी दिलात. हे मला नसतं सुचलं."

"हरले ना पण."

"वेळ संपून हरलात. हाही वेळ संपूनच. आणि हा बघा, इथे वजीर मात करायला निघाला आणि शेजारच्याच घरात जाऊन पडला. बोट घसरलं." त्याने आणखी चार डाव सरकवले. मग फोन टेबलावर ठेवला. "तुमचा खेळ सुधारलाय. चांगलाच सुधारलाय. हात मागे पडतोय."

"वय झालं, दुसरं काय."

"डाव्या हाताने खेळून बघा एकदा," भिंग म्हणाला. त्याने ते सहज म्हटलं, पण त्यांच्याकडे न बघता.

ताई हसल्या. जन्मभर उजव्या हाताने सुई धरलेली बाई, डाव्याने तिला धड चमचा धरता यायचा नाही. तरी संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी फोन खाली ठेवला आणि डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. पहिला डाव जिंकल्या. दुसराही जिंकल्या. तिसऱ्यात समोरच्याने मध्येच शरणागती पत्करली. जिंकल्यावर इतकं वाईट त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

मग एकेक गोष्ट डोळ्यांत भरायला लागली. ब्लाऊजची हुकं लावायला वेळ लागत होता. नळ्यांवर त्यांनी लिहिलेली नावं मुंगीएवढी झाली होती. भिंग ती वाचायला भिंगच लावतो, असा विनोद लॅबमध्ये केव्हापासून चालू होता आणि ताईही त्यावर हसल्या होत्या. बाजारात धाकटी म्हणाली, "तू उजवा हात असा पोटाशी धरून का चालतेस? पाकीट मारतील म्हणून?" ताईंनी हात खाली सोडला. दुकानाच्या काचेत पाहिलं तर तो पुन्हा पोटाशीच आलेला.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सुई अजून नेमकी लागत होती. वेळ जरा जास्त लागायचा, म्हणून त्या गप्पा जरा जास्त मारायच्या.

मग एके सकाळी त्यांच्या जुन्या पेशंट, निवृत्त मुख्याध्यापिका, खुर्चीत बसल्या. त्यांची शीर ताईंना आपल्या घरच्या वाटेसारखी पाठ होती. सुई आत गेली आणि नळीत काहीच आलं नाही. ताईंनी ती जरा फिरवली. बाईंच्या कपाळावर आठी उमटली. दुसऱ्यांदा टोचलं, तेव्हा शिरेच्या कडेने गेली आणि कातडीखाली निळा फुगा आला.

"असू दे हो," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "माझ्याच शिरा म्हाताऱ्या झाल्यात."

ताईंनी पट्टा सोडला, बोळा दाबून धरला आणि शेजारच्या खुर्चीवरच्या सिस्टरला म्हणाल्या, "यांचं तू घे." इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं होतं.

मेंदूच्या डॉक्टरांकडे धाकटी बरोबर गेली. डॉक्टरांनी फार काही केलं नाही. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटायला सांगितली, जमेल तितक्या भरभर. सुरुवातीला बोटं चांगली उघडत होती. मग अंतर कमी कमी होत गेलं, आणि शेवटी दोन्ही बोटं एकमेकांना चिकटून नुसती थरथरली. डॉक्टरांच्या आधी ताईंनाच उत्तर कळलं. वर्षभर रोज त्या हीच परीक्षा देत आल्या होत्या, फोनवर.

"पार्किन्सन्स," डॉक्टर म्हणाले.

"बरा होतो ना?" धाकटीने विचारलं.

"लांबवता येतो."

"लांबवता म्हणजे किती?"

"माणसागणिक वेगळं," डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या लिहायला लागले.

लॅबच्या मालकीण स्वतः डॉक्टर होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी ताईंना रिपोर्ट देण्याच्या खिडकीवर बसवलं. पेशंट खिडकीत वाकून विचारायचे, "आज तुम्ही नाही का काढणार?" ताई म्हणायच्या, "खुर्ची दुरुस्तीला गेलीय."

गोळ्यांनी मात्र कमाल केली. काही आठवड्यांत हात मोकळा झाला. गोळी घेतली की थोड्या वेळाने बोटं पूर्वीसारखी उघडायची, जणू मधलं काही घडलंच नव्हतं. आणि अभ्यास तर झालेलाच होता. आकडा असा चढायला लागला की भिंग रोज विचारायचा, "आज कुठवर?" एका दुपारी मागच्या खोलीत ताईंनी घोड्याने शह दिला, वजीर खाल्ला, आणि समोरच्याने हात टेकले. आकडा हजाराच्या पलीकडे गेला. भिंग एवढ्याने ओरडला की सिस्टर धावत आली. तिला वाटलं कुणी चक्कर येऊन पडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ताई फोन घेऊन थेट मॅडमच्या केबिनमध्ये गेल्या.

"मॅडम, माझा हात परत आलाय. तीन मिनिटांत पन्नास चाली खेळते. एकही घसरली नाही. मला खुर्चीवर बसू द्या."

मॅडमनी फोनकडे पाहिलं, मग ताईंकडे. "गोळीचा असर किती वेळ राहतो?"

"तीन-चार तास तर सहज."

"आणि उतरायला लागला हे तुम्हाला कधी कळतं?"

ताईंना खोटं बोलावंसं वाटलं, पण या बाईसमोर कधी बोलल्या नव्हत्या. "उतरल्यावर," त्या म्हणाल्या.

"तेव्हा सुई कुणाच्या शिरेत असली तर?"

ताईंनी फोनचा पडदा बंद केला.

"इतकी वर्षं माझं रक्त मी तुमच्याशिवाय कुणाला काढू दिलं नाही," मॅडम म्हणाल्या. "तरी नाही म्हणतेय, ताई. मला माफ करा."

घरी येताना ताई पेढ्यांऐवजी पंख्याचं नवं बटण घेऊन आल्या. हजार झाले हे धाकटीला भिंगच्या फोनवरून कळलं.

पुढच्या वर्षी गोळी पूर्वीइतकी लागू होईना. डॉक्टरांनी ती वाढवली, तर हात चालायचा पण मान आणि खांदा आपोआप वळवळायला लागायचे. कमी केली, तर सगळंच थिजायचं. आकडा आला तसा गेला, आणि जाताना थांबला नाही. ताईंना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. चढला होता तोही गोळीचाच होता, असं त्या म्हणायच्या. खिडकीवरची सुट्या पैशांची देवघेव जमेनाशी झाली तेव्हा त्यांनी कामही सोडलं.

भिंग भेटायला यायचा. "लांब डाव खेळा ना. अर्ध्या तासाचे. हाताची घाईच नाही. तुमची समज आहे, तुम्ही माझ्याही पुढे जाल."

ताईंनी दोन आठवडे प्रयत्न केला. मग म्हणाल्या, "नाही जमत. विचार करायला वेळ मिळाला की मी बुद्धिबळाचा विचार करत नाही."

भिंग चहा संपवून गेला.

एका संध्याकाळी धाकटीने मशीन बंद केलं, खुर्ची ओढली आणि फोन हातात घेतला. "तू बोल, मी हलवते."

"तुला येत नाही."

"सुई दोऱ्याला नेते तशी तू ने. येते की मी मागून."

डाव सुरू झाला. "घोडा," ताई म्हणाल्या.

"कुठला? दोन आहेत."

"उजवीकडचा."

"माझ्या उजवीकडचा की याच्या?"

"अगं, पुढे घे! तो नाही, तो उंट!"

"हा उंट? याला मान कुठेय?"

एवढ्यात अर्धा वेळ गेला. धाकटीने हत्ती तिरका न्यायचा प्रयत्न केला. फोनने नकार दिला, तर ती फोनला ओरडली. ताईंना हसू आवरेना. धाकटीलाही आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत दोघी हसल्या आणि घड्याळ संपलं.

"मी शिकते," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "महिन्याभरात तयार होईन. तू फक्त बोलायचं."

"नको," ताई म्हणाल्या. "इथे माझा हात झालीस की मग सगळीकडेच व्हावं लागेल तुला."

"होणारच आहे की," धाकटी म्हणाली.

आपण काय बोललो ते बोलून गेल्यावर तिला कळलं. तिने फोन हलकेच ताईंच्या मांडीवर ठेवला, मशीनकडे गेली आणि बॉबिनमध्ये दोरा भरायला लागली. ताईंनी एकटीने पुढचा डाव लावला. समोर कुणीतरी अगदी नवखा होता. प्यादी फुकट देत होता. तीन चालींत मात दिसत होती त्यांना, स्वच्छ. बोट पहिल्या घरापाशी जाऊन थांबलं. डाव गेला. त्यांनी आणखी एक खेळला, तोही गेला, आणि तिसरा लावायच्या आधी त्यांनी फोन पालथा घातला.

मशीनचा आवाज चालू होता. तो थांबेपर्यंत त्या थांबल्या.

"छोटे," त्या म्हणाल्या, "उद्यापासून माझी वेणी तू घाल."