शेवटच्या वडीचं अर्धायुष्य

मुख्याध्यापक गॉर्डी सुंडक्विस्टनं फर्मान काढलं: यंदापासून विज्ञान एकट्यानं शिकवायचं नाही, दुसऱ्या विषयाशी जोडी लावून शिकवायचं. ज्या विषयाला जोडी मिळणार नाही त्याची खोली जाणार. इतिहासानं रसायनशास्त्र पटकावलं, चित्रकलेनं जीवशास्त्र. उरलो मी, पदार्थविज्ञानाचा ऑरविल ट्वेट, आणि पाककलेची आर्डिस ब्रेके.

आर्डिसच्या स्वयंपाकखोलीत व्यायामाची यंत्रं आणायचा बेत आधीच शिजला होता. ती बिचारी वीसेक वर्षं तिथे शिकवत होती. मला तिचं वाईट वाटत होतं, पण उतारवयात पिठात हात घालायची मला हौस नव्हती.

"हे बघ आर्डिस, मी किरणोत्सर्ग शिकवतो. पातेली नाही."

"म्हणजे काय रे असतं ते?"

"युरेनियम असतं ना, ते ठरावीक काळानं निम्मं उरतं. मग निम्म्याचं निम्मं. त्याला अर्धायुष्य म्हणतात. संपता संपत नाही मेलं."

"अगंबाई, मग ते आपल्या मिनेसोटातलंच दिसतंय! चल, दाखवते."

तिनं मला ओढत शिक्षकखोलीत नेलं. टेबलावर तिच्या लिंबाच्या वड्यांचा ट्रे होता आणि त्यात एकच वडी उरली होती. इतिहासवाला आला, इकडेतिकडे बघितलं, सुरीनं वडीचे दोन भाग केले, एक तोंडात टाकून गेला. चित्रकलेच्या बाई आल्या, त्यांनी उरलेल्या अर्ध्याचं अर्धं केलं. मग गॉर्डी आला, त्यानं त्याचंही अर्धं केलं. शेवटचा घास उचलणारा माणूस आमच्या गावात तोंड दाखवू शकत नाही. मी जन्मभर हेच करत आलो आणि एकदाही डोक्यात उजेड पडला नाही, याचा मला भयंकर राग आला.

पालकसभेच्या दिवशी आम्ही स्वयंपाकखोलीत प्रयोग मांडला. ताटात एक भलीमोठी वडी, शेजारी तराजू, फळ्यावर आलेख. पालकांना फक्त "घ्या ना" एवढंच सांगायचं. निकाल द्यायला शिक्षण कार्यालयातून पलूझी मॅडम आल्या होत्या. त्यांनी मान हलवली तर खोली वाचणार, नाहीतर उद्याच व्यायामाची वजनं येऊन पडणार.

पालकांनी आमची लाज राखली. एकेक जण यायचा, "नको नको, पोट भरलंय," म्हणायचा आणि बरोब्बर निम्मं कापायचा. मुलं वजन करून आलेखावर ठिपके देत होती. वक्ररेषा अशी देखणी उतरत होती की माझा ऊर भरून आला. वडी नखाएवढी झाली तेव्हा एका आजोबांनी चष्मा बदलून तिचे दोन भाग केले. पुढच्या बाईंनी जीवशास्त्राच्या कपाटातला चिमटा मागवला.

तेवढ्यात पलूझी मॅडम पुढे आल्या. "अय्या, एवढंसंच उरलंय?" म्हणाल्या आणि बोटाला चिकटवून तो कण खाऊन टाकला. "काय सुंदर झालीय हो! कुणी खात का नव्हतं?"

ही बाई न्यू जर्सीची आहे आणि तिकडे शेवटचा घास बिनधास्त खातात, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

एक पालक छताकडे बघायला लागले. गॉर्डी म्हणाला, "हवा बरी आहे आज."

"बरं, प्रयोग कुठाय तुमचा?" मॅडमनी विचारलं.

आता हे सांगायचं कुणी? आमच्याकडे पाहुण्याच्या अंगावर झाड पडत असलं तरी आधी कॉफी विचारतात. मी आर्डिसकडे पाहिलं. ती हसत होती, पण हातातल्या फडक्याला इतके पीळ घालत होती की ते फाटायला आलं होतं.

"मॅडम," मी ओरडलोच, "प्रयोग तुम्ही खाल्लात!"

चारपाच पालकांनी डोळे मिटून घेतले. पलूझी मॅडमचा चेहरा बिटासारखा झाला. "म्हणजे... मी वाट लावली?"

मी तोंड उघडलं ते माफी मागायला. पण पोटात पदार्थविज्ञान होतं, तेच बाहेर आलं. "वाट कसली? उलट आम्हीच चुकत होतो! संपतच नाही म्हणून मी वर्षानुवर्षं मुलांना थापा मारतोय. शेवटचा एकच अणू उरला की त्याचं अर्धं होत नाही. तो जातो तो अख्खा, आणि कधी जाईल ते कुणालाच सांगता येत नाही. आमच्यापैकी एकाचीही हे करून दाखवायची छाती झाली नसती!"

मॅडमनी बोट पुसलं, आलेखापाशी गेल्या, खडू घेतला आणि शून्यावर स्वतः ठिपका दिला. "खोली ठेवा," त्या गॉर्डीला म्हणाल्या. "आणि वडी अजून आहे का?"

मी आर्डिसकडे वळलो. तिचे डोळे भरले होते, फडकं जमिनीवर पडलं होतं.

"काय गं, झालं ना मनासारखं?"

तिनं जरा विचार केला. "तसं काही वाईट नाही झालं," ती म्हणाली.

मिनेसोटात याहून मोठ्यानं कुणी आनंदानं ओरडत नाही. मला तिथेच रडू फुटलं.