थंड आघाडी

बाबांनी रेडिओ बंद केला आणि मुलीकडे असं पाहिलं, जणू तिने घरातलं गुपित चव्हाट्यावर मांडलंय.

ती हवामान खात्यात होती. जेवताना लागलेला अंदाजही तिच्याच आवाजातला, सकाळी रेकॉर्ड करून ठेवलेला: "पश्चिमेकडून थंड आघाडी सरकते आहे. ती उष्ण हवेच्या खाली घुसून तिला वर ढकलेल. दुपारनंतर मोठी उलथापालथ."

"पश्चिमेकडून म्हणजे तुझी आत्याच की!" बाबा म्हणाले. "मला कधी सांगणार होतीस?"

रविवारी इमारतीच्या समितीची निवडणूक होती. बाबा पूर्वेच्या जिन्यातून उभे होते, आत्या पश्चिमेच्या. पाण्याच्या टाकीवरून बिनसल्यापासून बहीणभावात अबोला होता. समोरासमोर आले की दोघंही भिंतीचा रंग तपासायचे. मुलीने समेटासाठी जंग जंग पछाडलं होतं. व्यर्थ.

"थंड तर ती जन्मापासून आहे," बाबा शर्ट चढवत म्हणाले. "पण खालून घुसणार? म्हणजे तळमजल्याची मतं! त्यापेक्षा मीच जाऊन तिच्याशी युती करतो."

तिच्या अगदी ओठांवर आलं होतं: बाबा, आघाडी हवेची. दोन हवांमधली हद्द. दोघी आपापल्या जागी गुण्यागोविंदाने नांदतात. ढग, वारा, पाऊस, जे काय व्हायचं ते भेटतात तिथेच होतं. पण एवढं सांगितलं की बाबा शर्ट काढून ठेवणार आणि जन्मभर रंग तपासणार. अंदाज चुकायची तिला सवय होती. बरोबर अंदाजाचा चुकीचा अर्थ जपून ठेवायची पहिलीच वेळ.

पश्चिमेच्या जिन्यात बाबा अर्ध्यावर थबकले. "आघाडी नक्की येणार ना गं? तुमच्या अंदाजांचं काही खरं नसतं."

"दाब उतरतोय," ती म्हणाली. ते खरं होतं.

आत्याने दार उघडलं, भावाला नखशिखान्त न्याहाळलं. "बटणं वरखाली लावलीयस."

"तू आघाडी करतेयस म्हणे?"

"मी? कुणाशी? माझ्याशी माझी मांजरसुद्धा बोलत नाही. ये आत."

तेवढ्यात वारा फिरला. ऊन विझलं, जिन्याच्या खिडकीतून गार झोत शिरला आणि दार धाडकन लागलं. बाबा आत, मुलगी बाहेर. दार वाऱ्याने लावलं की आत्याने, हे खात्यात नोकरी असूनही तिला ठरवता येईना. आतून बाबांचा आवाज चढला. मग आत्याचा, त्याहून वर.

ती पायरीवर बसली. बाहेर पाऊस कोसळत होता, आत भांडण रंगत होतं, आणि दोघांपैकी कुणीही दार उघडून बाहेर येत नव्हतं.